पुराआधीची सेवा

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणकरांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. रात्रभर कोसळलेल्या पावसाने वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांनी पात्रे सोडली आणि दिवस उजाडण्यापूर्वीच बाजारपेठ पाण्याखाली गेली. पुराने वेढलेल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथसंपदेला २००५ नंतर पुन्हा एकदा जलसमाधी मिळाली. किराणा, कापड, औषधे, भांडी, विजेची उपकरणे या साऱ्यांचा एकच चिखल झाला.

पाणी ओसरल्यावर जे घडले तेही आपण पाहिले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण फावडी आणि घमेली घेऊन आले. अनोळखी माणसाच्या दुकानातला गाळ त्यांनी आपल्या घरातला समजून उपसला. या सेवेपुढे कोणाचाही माथा नम्र व्हावा. परंतु पाच वर्षांच्या अंतरावरून त्या दिवसांकडे पाहताना एक प्रश्न स्वतःला विचारावासा वाटतो. गाळ उपसण्यासाठी जेवढे हात पुढे आले, त्याच्या दहावा हिस्सा हात त्याच्या आदल्या मे महिन्यात बाजारपेठेत फिरले असते, तर किती दुकाने वाचली असती?

प्रश्न कोणाला दोष देण्यासाठी नाही. सेवेची आपली कल्पना संकट कोसळल्यानंतर सुरू होते आणि शेवटचे अन्नछत्र बंद झाले की संपते. त्यामुळे जखम बांधली जाते, पण ती होऊ नये म्हणून करावयाचे काम कोणाचेच नसते. ते काम कोणते आणि ते कोणी करावे, याचा विचार रत्नागिरी जिल्ह्याच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

आपत्ती नवी नाही, विस्मरण जुने

चिपळूणची बाजारपेठ २६ जुलै २००५ रोजीही बुडाली होती. म्हणजे सोळा वर्षांच्या आत एकाच बाजारपेठेवर दोनदा तोच प्रसंग आला. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ अशी वादळे या किनाऱ्याने पाहिली. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले. मार्च २०२१ मध्ये लोटे येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. डिसेंबर २०२४ मध्ये जयगड येथे वायुगळतीने शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. खेडला जगबुडी आणि राजापूरला अर्जुना व कोदवली या नद्या तर पावसाळ्यात बाजारपेठेच्या पायरीशी येतातच.

ही यादी पाहिल्यानंतर ‘अचानक आलेले संकट’ हा शब्दप्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? पुराचे कारणही गूढ नाही. वाशिष्ठी ही भरती-ओहोटीची नदी आहे. समुद्राला उधाण असेल तर दाभोळच्या खाडीतून पाणी बाहेर पडण्यास वाव राहत नाही. त्यात सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी झाली आणि कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडीमार्गे त्याच नदीत आले की शहराला वाट उरत नाही. २०२१ चा पूर आषाढी पौर्णिमेच्या अवघे दोन दिवस आधी आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आमच्या कोळी बांधवाला पंचांग न उघडता कळते. दुकानदाराने ते विसरावे, याला काय म्हणावे?

आपल्या पूर्वसूरींना हे विस्मरण मान्य नव्हते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त अग्नी, जल, रोगराई, दुष्काळ अशा दैवी आपत्तींची गणना केली आहे. केवळ गणना करून तो थांबला नाही. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांनी पुराची रेषा सोडून वस्ती करावी आणि लाकडे, बांबू, नावा जवळ बाळगाव्यात, असे त्याने सांगितले. आगीच्या भयासाठी प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड आणि आकडा ठेवण्याचा दंडक घातला. राज्याच्या पैशाचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार त्याने नोंदवून ठेवले. पूर, आग आणि लबाडी या तिन्हींचा विचार एकाच ग्रंथात, राज्य चालविण्याचा आवश्यक भाग म्हणून केला आहे. या ग्रंथाचा अभिमान सभांतून सांगणाऱ्यांनी त्यातील शिडी आणि पाण्याचा घडा आपल्या दुकानात आहे की नाही, हेही एकदा पाहावे.

कागद आहे, आधार नाही

२०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने बाधित दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १० हजार रुपये साह्य दिले. शासनाची तिजोरी आणि पीडितांची संख्या पाहता हा आकडा वाढणे कठीण, हे मान्य करू. परंतु ज्याच्या दुकानात वीस लाखांचा माल होता त्याला ५० हजारांत पुन्हा उभे राहता येत नाही. उरलेली रक्कम कोठून यावी? नातेवाइकांकडून, पतसंस्थेकडून किंवा गृहिणीच्या अंगावरील दागिन्यांतून. तेही नसेल तर दुकान विकून मुलाकडे मुंबईला जाण्यातून. कोकणातील पिढीजात पेढी बंद होते ती अशी.

याला खरा पर्याय विम्याचा. १ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे त्या पुराच्या पावणेचार महिने आधीच, विमा नियामक प्राधिकरणाने लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित योजना सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली होती. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ती आहे. आग, वादळ, पूर, भूकंप यांचे संरक्षण तीत मिळते. पाच ते पन्नास कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. परंतु ही नावेही आपल्या बाजारपेठेत किती जणांनी ऐकली आहेत?

अनेक दुकानदार म्हणतात, “आमचा विमा आहे, बँकेने कर्ज देताना काढला आहे.” त्यांनी तो कागद एकदा कपाटातून काढून वाचावा. विमा बहुधा कर्जाच्या रकमेइतका असतो, मालाच्या किमतीइतका नव्हे. समजा, वीस लाखांचा माल आहे आणि विमा पाच लाखांचा आहे. पुरात आठ लाखांचा माल गेला, तर पाच लाख मिळतील असे दुकानदार गृहीत धरतो. प्रत्यक्षात विमा एक चतुर्थांश असल्याने भरपाईही नुकसानीच्या एक चतुर्थांश, म्हणजे दोन लाखच ठरते. अल्पविम्याचा हा नियम आहे. नव्या योजनेत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापलीकडची नाही. गोदामाचा पत्ता विमापत्रात नोंदलेला नसेल, तर त्या गोदामातील मालाची भरपाई मागता येत नाही. नुसत्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

आणखी एक बाब तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार माल नष्ट झाला की त्यावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. म्हणजे माल वाहून गेला आणि त्यावरचा कर पुन्हा खिशातून भरावयाचा. म्हणून विम्याची रक्कम ठरविताना करही धरला पाहिजे. त्याच कायद्याने हिशेबाची कागदपत्रे ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. ती खालच्या खणात ठेवली असतील आणि पुरात गेली, तर ‘माल किती होता’ हे विमा कंपनीला आणि कर अधिकाऱ्याला कशाच्या आधारे दाखविणार? बिलांची प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा संगणकीय साठवणीत असणे, ही आजच्या काळातील खरी तिजोरी आहे.

न दिसणारा पूर

पाणी चढताना निदान दिसते. दुसरा एक पूर दिसत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. तो म्हणजे फसवणुकीचा.

११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस या जुन्या आणि प्रतिष्ठित सहकारी बँकेवर सायबर दरोडा पडला. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या संगणकप्रणालीच्या जागी चोरांनी खोटी प्रणाली उभी केली आणि बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरात होती. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा आरोपींना शिक्षा सुनावली. दरोड्यासाठी निवडलेला वार लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहारा सैल असतो ती वेळ चोर हेरतो, मग पहारा भिंतीवरचा असो वा संगणकातला.

एवढ्या मोठ्या संस्थेवर जे येते ते रत्नागिरीच्या छोट्या व्यापाऱ्यावर येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. फक्त रूप बदलते. आंब्याच्या हंगामात बागायतदाराला दूरध्वनी येतो, “मी लष्करात अधिकारी आहे, आमच्या तुकडीसाठी वीस पेट्या हव्यात.” लष्कराचे नाव ऐकून आपला माणूस आदराने बोलू लागतो. मग समोरचा म्हणतो, “पैसे पाठवतो, हा चौकोनी संकेत स्कॅन करा आणि पिन टाका.” पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. देशप्रेमाचाच येथे गळ केलेला असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे एक वाक्य गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत लावले तरी असे अनेक घात टळतील.

दुकानात गर्दीच्या वेळी भरणा झाल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणारे आहेत. दाराशी चिकटवलेल्या क्यूआर संकेतावर रात्री स्वतःचा कागद डकविणारे आहेत. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने भ्रमणध्वनीत घातक प्रणाली उतरविणारे आहेत. पुरवठादाराच्या नावे पत्र पाठवून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळविणारेही आहेत. यांवरचे उपाय खर्चिक नाहीत. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करावी, ग्राहकाच्या पडद्यावर विसंबू नये. सकाळी दुकान उघडताना आपला क्यूआर संकेत तपासावा. खाते बदलल्याचे पत्र आले तर पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः बोलून घ्यावे. नव्या पुरवठादाराचा कर नोंदणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर पाहावा. कारण पुरवठादाराने बिल नोंदविले नाही तर कराची वजावट खरेदीदारालाच गमवावी लागते.

फसवणुकीची एक तऱ्हा साऱ्या जिल्ह्याच्या नावावरच घाला घालणारी आहे. परप्रांतातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून पेटीत भरून विकला जातो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा तो अधिकार आहे. परंतु मानांकन म्हणजे हाती दिलेली तलवार, ती चालविणारा हात बागायतदाराचाच हवा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ मध्ये प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम सुरू केला. रत्नागिरीच्या प्रत्येक बागायतदाराने मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता होऊन अशी व्यवस्था स्वीकारावयास हवी.

विश्वास आणि हिशेब

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘आमचा धंदा विश्वासावर चालतो. प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागलो तर माणुसकी काय उरली?’ आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यावयास हवे. हिशेब चोख ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, रोजचा गल्ला दोघांनी मोजण्याची पद्धत असेल तर प्रामाणिक नोकरावर खोटा आळ येत नाही. मंदिराची दानपेटी पंचांच्या समक्ष उघडतात, त्यात पुजाऱ्याचा अपमान कोणी मानीत नाही. व्यवस्था माणसाला मोहापासून वाचविते. सज्जनांच्या संस्थाही जेव्हा बुडाल्या, तेव्हा तेथे विश्वासाचा तुटवडा नव्हता, तपासणीचा होता.

दुसरा अडथळा लाजेचा. फसलेला माणूस ‘लोक हसतील’ या भयाने गप्प बसतो आणि मौल्यवान तास निघून जातात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळविले तर रक्कम पुढच्या खात्यात थोपविण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती दहा खात्यांतून फिरून नाहीशी होते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिले आहे की, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडू नये. पिन किंवा सांकेतिक क्रमांक स्वतः दिला असेल तर मात्र कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी येते. म्हणून घरातील तरुणांनी फसलेल्या वडिलांवर किंवा काकांवर चिडू नये. त्यांचा हात धरून आधी दूरध्वनी करावा, चर्चा नंतर.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे शासनाने करावे. शासनाचे उत्तरदायित्व निश्चितच आहे. वाशिष्ठीतील गाळ काढावा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकरांना साखळी उपोषण करावे लागले, ही भूषणावह गोष्ट नव्हे. धरणाच्या विसर्गाची आगाऊ सूचना बाजारपेठेपर्यंत पोहोचणे, भोंगे वाजणे, पूररेषेत नवी बांधकामे न होणे, ही शासनाचीच कामे आहेत. रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक आपत्ती गट सांगितले आहेत. त्यांच्या कवायती कारखान्याच्या फाटकाआड न राहता शेजारच्या गावांत झाल्या पाहिजेत. वायू सुटला तर वाऱ्याबरोबर धावू नये, वाऱ्याला आडवे जाऊन दूर व्हावे, एवढे तरी लोट्याच्या चहावाल्यालाही ठाऊक असावे. हा आग्रह आपण धरूच. परंतु शासन आपल्या दुकानातील विजेचा मुख्य खटका छातीच्या उंचीवर नेऊन बसविणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

मे महिन्याचे व्रत

मग करावयाचे काय? दरवर्षी मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, प्रत्येक बाजारपेठेत पंधरा दिवसांचे एक अभियान घ्यावे. व्यापारी संघ, गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था आणि आपले कार्यकर्ते यांनी एकत्र यावे. दोन-दोन कार्यकर्त्यांच्या जोडीने रोज पाच दुकानांत जावे आणि दुकानमालकाबरोबर अर्धा तास बसावे.

पहिल्या भेटीत २००५ आणि २०२१ चे पाणी भिंतीवर कोठवर आले होते, तेथे रंगाने रेषा ओढावी. त्या रेषेखाली काय ठेवले आहे ते मालकाने स्वतः पाहावे. किमती माल माळ्यावर नेण्यास किती माणसे आणि किती वेळ लागेल, ते ठरवून शेजाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. अग्निशामक नळकांड्याची मुदत पाहावी. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार तो लागू असलेल्या इमारतींसाठी जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, याची आठवण इमारतीच्या मालकाला द्यावी.

दुसऱ्या भेटीत विमापत्र वाचावे. रक्कम, गोदामाचा पत्ता आणि मुदत या तीन गोष्टी तपासाव्यात. हे काम आपल्यातील निवृत्त बँक कर्मचारी आणि लेखापाल यांच्याइतके उत्तम कोण करील? निवृत्तीनंतर ‘काही समाजकार्य करावे’ असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गाला याहून योग्य काम सापडणार नाही. तिसऱ्या भेटीत गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकास, मग तो मालकाचा मुलगा असो वा हाताखालचा पोऱ्या, फसवणुकीच्या चार-पाच तऱ्हा प्रात्यक्षिकासह दाखवाव्यात. भिंतीवर तीन क्रमांक लावावेत. सायबर फसवणुकीसाठी १९३०, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि तातडीच्या साह्यासाठी ११२.

या अभियानाला निधी जवळजवळ लागत नाही, माणसे लागतात. त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येणार नाही, कारण न बुडालेल्या दुकानाची बातमी होत नाही. पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उतरणाऱ्याचे कौतुक होते आणि ते व्हावयासच हवे. मे महिन्याच्या उन्हात विमापत्र वाचून दाखविणाऱ्याचे कोणी कौतुक करीत नाही. तरीही दोघांची सेवा एकाच मोलाची आहे, किंबहुना दुसऱ्याची अधिक कठीण, कारण तिला प्रसिद्धीचा आणि आवेशाचा आधार नाही.

लोकमान्यांच्या या जन्मभूमीने स्वदेशीचा अर्थ एकेकाळी साऱ्या देशाबरोबर शिकला. आपल्या माणसाच्या दुकानातून माल घ्यावा, एवढाच तो अर्थ नव्हता. आपल्या माणसाचे दुकान उभे राहावे, हाही होता. ते दुकान पुढच्या पावसाळ्यात, पुढच्या वादळात आणि एखाद्या लबाडाच्या दूरध्वनीनंतरही उघडे राहील, याची काळजी घेणे हे त्याच स्वदेशीचे आजचे रूप आहे. पुढचा पूर कधी येईल हे सांगता येत नाही. पुढचा मे महिना कधी येणार, हे मात्र प्रत्येकास ठाऊक आहे.